"मी रिजेक्ट झालो, ताई"

दिवाळीपासून एकच तक्रार पाच वेगवेगळ्या माणसांनी माझ्यासमोर मांडली. काम सुटलं, अर्ज केला, पैसे येत नाहीत आणि रात्री झोप लागत नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या, पाइपच्या नाहीतर डाळीच्या कारखान्यातली एखादी पाळी बंद झाली, की महिन्या-दीड महिन्यानं ती माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसते. त्या पाचांतल्या एकाची ही हकीकत. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्याला आपण भास्कर म्हणू.

वय बेचाळीस, गाव पारोळ्याकडचं, चटईच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली नऊ वर्षं. त्यानं अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अर्ज केला होता. ज्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापला जातो, त्याचं काम त्याची चूक नसताना गेलं, तर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम आयुष्यभरात मिळून जास्तीत जास्त ९० दिवसांची मिळते. काम सुटल्यापासून ३० दिवसांनी मागणी करता येते. आधी किती दिवसांची वर्गणी भरलेली हवी, याच्या अटी आहेत. शिवाय योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आणली आहे, तेव्हा हे दोन्ही आधी विचारून घ्यावं. भास्करनं विचारलं होतं, तो पात्र होता. तरी अर्ज परत आला.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. त्याच्या झोपेवर काम करत बसले. संध्याकाळनंतर चहा नको, उशाशी मोबाइल नको. तो प्रत्येक गोष्टीला "हो ताई" म्हणायचा. आपल्याकडचा माणूस बाईमाणसाला असं "हो ताई" म्हणतो तेव्हा तो मान देत असतो, होकार देत नसतो. इतकी वर्षं इथे काढून मला हे पहिल्याच दिवशी ओळखता यायला हवं होतं.

तिसऱ्या भेटीत तो सहज बोलून गेला, "दोन महिने झाले ताई, मी रिजेक्ट झालो त्याला."

मी थांबवलं. "कोण रिजेक्ट झालं?"

"मी."

"तुम्ही, की तुमचा अर्ज?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी ज्या पठडीत शिकले, तिथे माणूस वेगळा आणि अडचण वेगळी, हे पहिल्या वर्षापासून घोटून घेतलं होतं. माणूस अडचणीचं नाव स्वतःला लावतो, तिथेच बोट ठेवायचं. बाकीच्या चौघांच्या नोंदी मी त्या रात्री पुन्हा काढून पाहिल्या. "माझं अडकलंय", "मी लटकलोय", "मला परत पाठवलं". एकाच्याही तोंडी 'कागद' हा शब्द नव्हता. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, ऐकता ऐकता सापडलं, आणि त्याचं थोडं समाधान मी लपवणार नाही.

चौथ्या भेटीला त्याला सगळे कागद आणायला सांगितले. बियाण्याच्या दुकानाच्या पिशवीत ते होते. अर्ज परत आल्याच्या कागदाची त्यानं आठ पदरी घडी करून वरच्या खिशात वागवली होती. घामानं आणि घडीनं एक ओळ पुसट झाली होती. ओळ नेमकी कारणाची होती! मी कागद खिडकीपाशी नेला आणि त्यालाच मोठ्यानं वाचायला लावलं. आधारवरचं नाव आणि विमा नोंदीतलं नाव जुळत नाही. आधारवर वडिलांचं नाव गुलाब, ठेकेदाराच्या मुन्शीनं नऊ वर्षांपूर्वी भरलं होतं गुलाबराव.

मला वाटलं, तो हसेल. त्याचे डोळे भरून आले. आणि इतके दिवस माझ्याशी शुद्ध बोलायची धडपड करणारा माणूस अहिराणीत आला, "ताई, तठे उभा ऱ्हायनू का माले भीक मागाले उभा शे असं वाटस."

मी पिशवीतून पगाराची पावती काढली. महिना १०,४००. खाली कपात, ईएसआय ७८ रुपये.

"हे कसले?"

"कापतेस दर महिन्याले."

"सव्वीस दिवसांनी भागा."

त्यानं बोटांवर हिशोब केला. रोजचे तीन रुपये. नियम असा, की कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, म्हणजे त्याच्या नावावर रोज आणखी तेरा. "तुम्ही तिथे तीन रुपये रोज ठेवत होतात," मी म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता. पंखा फिरत होता, पावती फडफडत होती, त्यानं तिच्यावर तळहात ठेवला. मग सावकाश म्हणाला, "म्हंजे मना पैसा शे ना तो." मी मान हलवली. अशा वेळी समुपदेशकानं बोलू नये.

त्यानंतर आम्ही फक्त प्रश्न बदलला. तो विमा कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन विचारायचा, "साहेब, माझं काय झालं?" याला "होईल" याखेरीज उत्तर येणारच नाही. आता विचारायचं, "हा अर्ज कोणत्या कागदासाठी थांबलाय आणि तो कागद कोणी द्यायचा?" माझ्या खोलीत मी खिडकीमागची बाई झाले आणि त्यानं हे वाक्य सहा-सात वेळा म्हटलं, आवाज चढू न देता. उत्तर मिळालं, नाव दुरुस्तीसाठी कारखान्याचं पत्र आणा. मुन्शीकडे जायची त्याला सगळ्यात जास्त लाज होती. त्याचीही तालीम केली.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आता मी शंभर पानी वही घ्यायला लावते. तारीख, कोणाला भेटलो, काय म्हणाले, पुढची तारीख. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर पोच घ्यायची. पोच नसलेला कागद दिलाच नाही असं धरा. कार्यालयाचे वार ठरवायचे, आठवड्यात दोन. उरलेल्या दिवशी मोबाइलवर स्थिती बघायची नाही. दिवसातून वीस वेळा बघून पैसे लवकर येत नाहीत, झोप मात्र जाते. महिना उलटूनही कारण कळलं नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक वहीत उतरवा. पीएफ अडकला असेल, तर काम सोडल्याची तारीख नोंदली आहे का ते आधी बघा. मालकानं टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला टाकता येते. पीएफवाल्यांचं शिबिरही दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात असतं. तिथे वही घेऊन जा.

आणि घरी सांगा. हे सगळ्यात अवघड, आणि मी ते शेवटी सांगते, कारण हातात वही आल्याशिवाय कोणी सांगत नाही. भास्कर दोन महिने रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि मेहरूण तलावाच्या काठी बसून पाचला घरी जायचा.

पत्र मिळालं, नाव दुरुस्त झालं, पैसे आले. हिशोबाप्रमाणे अठरा हजारांच्या आसपास. त्याआधीच त्यानं बायकोला सांगितलं होतं. ती रडेल, भांडेल, माहेरी जाईल, याची सगळी तयारी आम्ही केली होती. ती म्हणाली, "माले दुसऱ्याच दिवशी समजनं. नऊ वरीस डबा खरकटा येये. आते धुईसन येवाले लागना."