दार उघडं ठेवून वाच

चिरंजीवास,
प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर लगेच लिहिलं होतं, पण ते फाडून टाकलं. त्यात मी तुला पहाटे पाचला उठायला सांगितलं होतं, आणि तसं सांगायचा मला अधिकार नाही.

बाळ घरी आल्यापासून शांत वेळ मिळत नाही, सहा आठवडे झाले, बायबलातली खूण गणना या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायापाशीच अडकून पडली आहे आणि मन खात राहतं, असं तू लिहिलंस. शेवटी विचारलंस, “काका, तुम्ही कसं जमवलं होतं?” त्या प्रश्नानेच पहिलं पत्र फाडायला लावलं. कारण मी खरोखरच जमवलं होतं. एकही दिवस चुकला नव्हता.

आमचा थोरला जन्मला त्या वर्षी मी सबंध बायबल वाचून काढायचं ठरवलं होतं. रोज पहाटे उठायचो, आतल्या खोलीत जायचो, दार लावून कडी घालायचो. भिंतीवर तक्ता टांगलेला. अध्याय झाला की चौकटीत बरोबरची खूण. पोराचं पोट दुखायचं, रात्र रात्र रडायचा. तुझी काकू तीन-चारदा उठलेली असायची, आणि मी वाचायला बसायचो तेव्हा ती त्याला खांद्यावर टाकून बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत असायची. मला तिची पावलं ऐकू यायची. दारापाशी यायची, क्षणभर थांबायची, परत फिरायची. मी आतून मनात म्हणायचो, आता ठोठावू नये म्हणजे झालं. तिने कधी ठोठावलं नाही.

एका पहाटे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४०वा अध्याय आला. ११वं वचन तुला ठाऊक आहे. मेंढपाळ कोकरांना उराशी धरतो आणि पाजणाऱ्या मेंढ्यांना जपून, त्यांच्या चालीने नेतो. मला ते इतकं भावलं की मी पेन्सिल घेतली आणि खाली रेघ ओढली. पट्टी लावून ओढली, वाकडी नको म्हणून! दाराबाहेर पोर रडत होतं.

डिसेंबरच्या शेवटी तक्ता भरला. तिला दाखवला. “छान,” म्हणाली, आणि दुपटी वाळत घालायला गेली. त्या वर्षी तिने स्वतःचं बायबल उघडलंसुद्धा नव्हतं, हे मला बऱ्याच वर्षांनंतर कळलं. मी विचारलंच नव्हतं ना.

म्हणून तुझा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. तू विचारतोस, माझं वाचन कसं चालू ठेवू? आधी हे विचार, की घरात दोघांना वचनापाशी बसायला कसं मिळेल. लेकरू लहान असताना असा वेळ कुणाला आपसूक सापडत नाही. एकाने दुसऱ्याला तो काढून द्यावा लागतो.

रोज एकदा, वीस मिनिटं, बाळ तू घे. पाजून झालं की लगेच घे, म्हणजे ते दुधासाठी तिला शोधणार नाही. “तुला मदत करतो” असं म्हणून घेऊ नकोस, लेकरू तुझंही आहे. आणि त्या वीस मिनिटांत ती वाचेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. बहुधा ती झोपेल. झोपू दे. ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९वा अध्याय काढून बघ. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडलाय, देवाकडे मरण मागतोय. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. उठवतो, खायला-प्यायला देतो, परत निजू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. म्हणतो, पुढची वाट तुला झेपण्यासारखी नाही. त्याच अध्यायात एलीयाला ऐकू येणारा देवाचा मंद स्वर नंतर आहे, आधी दोन झोपा आणि दोन जेवणं. बाळंतिणीच्या घरात हा अध्याय मोठ्याने वाचला पाहिजे असं माझं मत आहे. स्तोत्र १२७चंही तसंच. लेकरं ही परमेश्वराने दिलेलं धन, हे तिसरं वचन आपण बारशाच्या कार्डावर छापतो. त्याच्या आधीचं दुसरं वचन झोपेबद्दल आहे, ते कुणी छापत नाही.

तिला अपराधी वाटत असेल तर हन्नेची गोष्ट सांग. प्रार्थनेची बाई म्हटलं की आपण तिचंच नाव घेतो. ते कुटुंब वर्षातून एकदा शिलोला उपासनेला जायचं. शमुवेल झाल्यावर ती गेली नाही. मूल दूध सोडेपर्यंत मी येणार नाही, असं तिने नवऱ्याला सरळ सांगितलं, आणि एलकाना म्हणाला, तुला बरं वाटेल तसं कर. १ शमुवेलचा पहिलाच अध्याय. शास्त्रात तिला त्याबद्दल कुणी एका शब्दानेही बोललेलं नाही.

आता तुझं वाचन.

तक्ता काढून ठेव. प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षात संपवायचं तर दिवसाला तीनाहून जास्त. हे चांगलं काम आहे आणि तू ते पुढे करशीलही, पण या वर्षी नको. तुमच्या गटात जो तक्ता वापरतात तो बहुतेक रॉबर्ट मरे मक्शेनचा असणार. हा स्कॉटलंडमधला पाळक. त्याने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या लोकांसाठी, तो तयार केला. रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी, अवघ्या २९व्या वर्षी तो वारला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. हे मला कळलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. पण त्याला दोष देऊ नकोस. तक्त्यासोबतच्या पत्रात त्याने स्वतःच धोके लिहून ठेवले होते. वाचन नुसता रिवाज होईल, पुरं केल्याचा अभिमान चढेल, घाईने उरकलं जाईल आणि काहींना ते न पेलणारं जू होईल. चारांपैकी पहिले तीन माझे.

आणि तुझी खूण गणनाच्या दहाव्या अध्यायावर अडकली आहे ना? एकच पान उलट. अकराव्यात इस्राएल लोकांना रानातून नेणारा मोशे देवाला म्हणतो, या लोकांना काय मी जन्म दिला, की तान्ह्या बाळाला दाई धरते तसं यांना उराशी धरून चाल म्हणतोस? हा भार मला एकट्याला झेपत नाही. तू रात्री दोन वाजता जे मनात म्हणतोस ते त्याने देवाच्या तोंडावर म्हटलंय. आणि देव काय करतो ते बघ. आणखी नेटाने प्रार्थना कर असं सांगत नाही. लोकांतले ७० वडीलधारे बोलावतो आणि ओझं वाटून देतो. तुझ्या मंडळीत कुणी “काही लागलं तर सांगा” म्हणालं असेल, तर सांग. आठवड्यातून एक तास बाळाला घेऊन बसा म्हण. लोक तसं मनापासूनच म्हणतात, फक्त त्यांना नेमकं काम दिलं पाहिजे.

माझ्या मते या काळाचं वाचन म्हणजे थोडं घ्यायचं आणि पुष्कळ वेळ घोळवायचं. पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस रात्रंदिवस मनन करतो. तिथला हिब्रू शब्द आहे ‘हागा’. मनन म्हटलं की आपल्याला डोळे मिटून गप्प बसलेला माणूस दिसतो. पण यशयाच्या ३१व्या अध्यायात सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथे हाच शब्द आहे, आणि ३८व्यात आजारी राजा हिज्कीया पारव्यासारखा घुमतो तिथेही हाच. म्हणजे ओठांतल्या ओठांत पुटपुटणं, गळ्यातून निघणारा हलका आवाज. खांद्यावर बाळ घेऊन अंधारात फेऱ्या मारणारा माणूस नेमकं हेच करत असतो. त्याच्या तोंडी फक्त शब्द हवेत. रात्र आणि दिवस तर तुमच्या घरी आता एकच झालेत.

शब्द मी सुचवतो. स्तोत्र १२० ते १३४, ‘आरोहण स्तोत्रे’. यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू ती वाटेने गात असं मानतात. पंधरा आहेत, आणि १३२वं सोडलं तर एकही नऊ वचनांहून मोठं नाही. चालता चालता म्हणायचीच गाणी ती. तुझी यात्रा पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून पलंगापर्यंत, पण चाल तीच. आठवड्याला एक धर. १२१ने सुरुवात कर, तुला राखणारा डुलकी घेत नाही की झोपत नाही. घरात एक तरी जण असा आहे, हे पहाटे तीनला फार बरं वाटतं.

एका कागदावर ते मोठ्या अक्षरांत हाताने लिही आणि जिथे लंगोट बदलतोस तिथे, डोळ्यांच्या उंचीवर चिकटव. दिवसातून दहा-बारा वेळा तिथे उभा राहशील. दोन्ही हात गुंतलेले, मान मोकळी. त्या वेळी फोन नको. वचन काढायला घेतलेला फोन आधी दुसरंच काहीतरी दाखवतो. ऐकायला मात्र चांगला. मार्कचं शुभवर्तमान सबंध ऐकायला साधारण दीड तास लागतो, दुपटी घड्या करताना आठवड्यात दोनदा होईल. एक मात्र कटाक्षाने पाळ. बाळ छातीवर असताना सोफ्यावर किंवा खुर्चीत पेंगायला लागलास, तर स्तोत्र तिथेच थांबव आणि त्याला त्याच्या पाळण्यात उताणं निजव. तशा झोपेत बाळं गुदमरतात. उरलेलं स्तोत्र सकाळी म्हण.

बाळाला काय कळतं, असं कुणी विचारेल. अर्थ नाही कळत. पण तान्ह्या मुलाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, आणि मांडीवरून तुझा चेहरा साधारण तितक्याच अंतरावर असतो. आवाजाची ओळख तर त्याहून आधीची, पोटात असल्यापासूनची. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की तुला लहानपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक आहे. तिथे ‘लहानपणा’साठी आलेला ग्रीक शब्द तोच आहे, जो लूक आपल्या शुभवर्तमानात गव्हाणीतल्या बाळ येशूसाठी वापरतो.

आणि काही वचनं बाळ हातात आल्याशिवाय कळतच नाहीत. स्तोत्र १३१ घे, उणीपुरी तीन वचनं. दूध तोडलेलं मूल आईपाशी असतं तसा माझा जीव निवांत आहे, असं दावीद म्हणतो. मी हे कितीतरी वर्षं ‘आईच्या कुशीतलं बाळ’ एवढंच समजून वाचत होतो. मग घरात पाहिलं. दूध पिणारं बाळ आईपाशी निवांत नसतंच. वास आला की तोंड फिरवतं, पदर ओढतं, मुठी चोखतं, आकांत करतं. त्याला दूध हवं असतं. दूध सुटलेलं मूल काही मागायला येत नाही, नुसतं टेकायला येतं. दावीद ‘दूध तोडलेलं’ का म्हणाला ते तेव्हा कळलं, आणि आपण देवापाशी बहुतेक वेळा कोणत्या बाळासारखे जातो तेही. असं एखादं वचन या वर्षात तुला गवसलं तर चारशे अध्याय राहिल्याचं मी मनावर घेणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस रडू येतं, ते बहुतेकींना येतं. पण उदासी दोन आठवड्यांनंतरही हटत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हे तिच्याबद्दल, आणि तुझ्याबद्दलही, बापांनाही होतं. “वचन वाचत नाही म्हणून असं होतं” असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला नम्रपणे दारातूनच परत पाठव. प्रार्थना कर, पण डॉक्टरच्या दवाखान्यात बसून कर.

आमची धाकटी झाली तेव्हा मी आतल्या खोलीची कडी स्क्रू काढून उतरवली. त्या वर्षी माझं वाचन फार थोडं झालं, आणि बहुतेक उभ्यानेच. चौकटीवर स्क्रूची चार भोकं अजून आहेत. तुझ्या काकूने एकदा विचारलं, बुजवायची का? मी म्हटलं, राहू देत.

हे पत्र तिने आत्ताच वाचलं. पट्टीची गोष्ट लिहिलीस हे बरं केलंस, म्हणाली. तिचा निरोप सूनबाईसाठी आहे: त्या वीस मिनिटांत झोप लागली आणि बाळ रडलं, तरी उठू नकोस. त्याला जमतं की नाही ते बघू दे.

तुझा,
काका