वाचकांचे प्रश्न : फाइलीवरची वेळ बरोबर, तरी नोंदी का सरकतात?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील आमच्या लहान कारखान्यात १४४० आरपीएमच्या ब्लोअरच्या दोन्ही बेअरिंगांवर मी कंपनमापक बसवले असून दोन स्वतंत्र डेटा लॉगर (मापने साठवणारी उपकरणे) सेकंदाला १००० नमुने, म्हणजे मापने, घेतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये लॉगरच्या पेटीतले तापमान ५५ अंशांवर गेले की घड्याळ दिवसाला अडीच सेकंद मागे पडत असे, म्हणून मी दोन्हींत डीएस३२३१ ही घड्याळाची चिप बसवली. फाइलीवरची वेळ आता बरोबर येते. तरीही तासाभराने दोन नोंदींत ७० नमुन्यांचा फरक पडतो. चूक कोठे आहे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण तापमान आणि फरक दोन्ही मोजून कळवलेत, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. घड्याळाच्या साध्या ३२.७६८ किलोहर्ट्‌झ क्रिस्टलची (ठेका देणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्याची) गती २५ अंशांच्या आसपास सर्वाधिक असते आणि तेथून तापमान कोणत्याही बाजूला ढळले की फरकाच्या वर्गाला सुमारे ०.०३४ ने गुणून येईल तितके पीपीएम (दहा लाखांत तितके भाग) ती मंदावते. ५५ अंशांना हा हिशेब ३० पीपीएमचा, म्हणजे दिवसाला सुमारे २.६ सेकंदांचा होतो. आपण पाहिलेली चूक हीच होती आणि तापमानानुसार स्वतःला सावरणाऱ्या नव्या चिपने ती दूर केली.

परंतु नमुने ही चिप घेत नाही. फाइल सुरू होताना तिच्याकडून वेळ विचारली जाते. त्यानंतरचा प्रत्येक नमुना लॉगर चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या स्वतःच्या क्रिस्टलच्या ठेक्यावर घेतला जातो, आणि तो क्रिस्टल आपण बदललेला नाही. तासाभराच्या ३६ लाख नमुन्यांत ७० चा फरक म्हणजे जेमतेम २० पीपीएम; साध्या क्रिस्टलांना ±२० ते ±३० पीपीएमची मुभा असतेच, त्यामुळे आपले दोन्ही क्रिस्टल निर्दोष असूनही एवढा फरक पडू शकतो. आपला ब्लोअर सेकंदाला २४ फेरे घेतो, म्हणजे या ७० मिलिसेकंदांत दीड फेऱ्याहून अधिक फिरतो. अशा नोंदींवरून दोन बेअरिंगांच्या कंपनांची फेज (एकीच्या तुलनेत दुसरी लहर किती पुढे-मागे आहे ते) ताडून पाहणे, माझ्या मते, सर्वस्वी चुकीचे ठरेल.

येथे महागडा क्रिस्टल घेण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. ±२ पीपीएमचे दोन टीसीएक्सओ (तापमानानुसार स्वतःला सावरणारे क्रिस्टल) बसवले, तरी ते विरुद्ध दिशांना ढळल्यास तासाभरात १४ मिलिसेकंदांचे, म्हणजे एक तृतीयांश फेऱ्याचे, अंतर पडू शकते. आपल्याला खऱ्या वेळेपेक्षा दोन नोंदींमधले ऐक्य अधिक हवे आहे, आणि ते एकाच घड्याळातून मिळते. दोन्ही पेट्या काही मीटरांच्या अंतरावर असतील, तर एका लॉगरचा नमुना घेण्याचा स्पंद आरएस-४८५ चालकातून (तारेच्या जोडीवरून संकेत पाठवणाऱ्या चिपमधून), पीळ दिलेल्या तारेच्या जोडीवरून, दुसऱ्याला द्यावा. मोजणीची सुरुवातही दोघांनी त्याच स्पंदावर करावी.

तार ओढणे शक्य नसेल, तर प्रत्येक लॉगरला जीपीएसचा सेकंदाला एक येणारा पीपीएस स्पंद द्यावा. अँटेना मात्र पत्र्याच्या वर, उघड्या आकाशाखाली हवी. दोन स्पंदांच्या मध्ये आपल्या १६ मेगाहर्ट्‌झ घड्याळाचे ठोके मोजावेत. १,६०,००,३२० भरले, तर ते २० पीपीएम पुढे धावते आहे. मिळालेला फरक वेळेत उडी मारून दुरुस्त करू नये, कारण त्या ठिकाणी कंपनाच्या लहरीत खोटी खाच पडते. स्पंदाचा क्षण नोंदीतच साठवून, दुरुस्ती नंतर संगणकावर करणे अधिक विश्वासाचे आहे.

बदल केल्यावर एकाच कंपनमापकाचा संकेत दोन्ही लॉगरांना द्यावा आणि एकदा भर दुपारी, एकदा पहाटे, तासभर नोंद घ्यावी. दोन्ही वेळी शेवटच्या मिनिटातल्या लहरी एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तरच कंपनमापक पुन्हा बेअरिंगांवर चढवावेत.