जुन्या गाडीचं अडकलेलं स्टिअरिंग चाक काढताना

आधी बॅटरीची वायर सोड, मग हॉर्नचं बटण काढ. मधला नट सैल कर, पण पूर्ण काढू नकोस; शाफ्टच्या, म्हणजे चाक ज्या दांड्यावर बसतं त्याच्या, टोकाशी समतल राहू दे. चाक अचानक सुटलं तर थेट तोंडावर येतं, तेव्हा हाच नट ते अडवतो. हब (चाकाचा मधला भाग) आणि शाफ्टवर जुळणारी खूण कर, नाहीतर बसवताना चाक वाकडं बसेल.

आता खरा मुद्दा. हातोडा शाफ्टवर मारू नकोस. टोक पसरून आटे जातात, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत शाफ्ट सरळ स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जातो, म्हणजे दणका आतल्या बेअरिंगला बसतो. रिम धरून हिसके देणंही नको. रिमचं जुनं बेकलाइट (कडक प्लास्टिक) किंवा कडक रबर लगेच तडकतं.

गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेव. मग पुलर (बोल्ट आवळून चाक ओढून काढायचं हत्यार) लाव, पकड हबलाच हवी, आऱ्यांना नाही. ताण दे आणि पुलरच्या बोल्टवर हलकी टिचकी मार. नाही हललं? ताण तसाच ठेवून जेवून ये, बहुतेक वेळा मधेच 'टक्' आवाज येतो. तरीही अडलं तर हीट गनने फक्त हब गरम कर. तेल आधी पुसून घे. चाक निघालं की शाफ्टच्या खाचेतली छोटी चावी (धातूची पाचर) असेल तर ती जपून ठेव, ती हमखास हरवते.