कार्बन डायऑक्साइडच्या इलेक्ट्रॉलिसिसमध्ये, म्हणजे विजेच्या मदतीने त्याचं दुसऱ्या रसायनात रूपांतर करताना, रेणू धातूला ‘चिकटतो’ म्हणजे काय होतं? इथिलीन (दोन कार्बन अणूंचा वायू) तांब्यावरच का मिळतं?

मी पवईत याच विषयावर प्रयोग करते. आधी एक सांगते: कार्बन डायऑक्साइड स्वतः धातूला जेमतेम टेकतो. सरळ रेषेतला, स्थिर रेणू तो. इलेक्ट्रॉन मिळाला की वाकतो आणि वाकला की मग धातूला धरतो.

कोणत्या टोकाने धरतो, यावर पुढचं सगळं ठरतं. कथील, शिसं, बिस्मथ यांच्यावर तो ऑक्सिजनच्या बाजूने बसतो, कार्बनला हायड्रोजन जोडला जातो आणि फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा आयन) सुटून जातं. सोनं, चांदी, तांबं यांना मात्र तो कार्बनने धरतो. एक ऑक्सिजन पाणी होऊन गेला की मागे कार्बन मोनॉक्साइड उरतो.

आता त्याची पकड बघा. कार्बन धातूला इलेक्ट्रॉनांची जोडी देतो आणि धातू आपले इलेक्ट्रॉन परत त्याच रेणूत ढकलतो. त्यामुळे धातूशी बंध घट्ट होतो, पण कार्बन-ऑक्सिजनमधला बंध सैलावतो. हे मोजता येतं, आणि मला ते दर वेळी तितकंच विलक्षण वाटतं: मोकळ्या वायूत त्या बंधाचं कंपन २१४३ प्रति सेंटीमीटरला (कंपनाच्या वारंवारतेचं एकक) दिसतं, तांब्यावर ते २१०० च्या खाली उतरतं; आकडा कमी म्हणजे बंध सैल.

सोन्या-चांदीवर पकड सैल, म्हणून मोनॉक्साइड वायू होऊन निघून जातो. प्लॅटिनम-निकेलवर इतकी घट्ट की तो जागा अडवून बसतो आणि हाती मुख्यतः पाण्यातला हायड्रोजनच येतो. तांब्यावर तो टिकतो, पण अडकत नाही. शेजारी दुसरा मोनॉक्साइड आला की दोन कार्बन जुळतात, त्यातून इथिलीन. १९८० च्या दशकात जपानच्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी यांनी तांब्याचं हे वेगळेपण दाखवून दिलं. तांब्यातही पृष्ठभागावरच्या अणूंची मांडणी चौकोनी असेल तर इथिलीनकडे कल असतो, षट्कोनी असेल तर मिथेनकडे.

प्रयोग करणार असाल तर ज्या द्रावणात इलेक्ट्रोड बुडतात त्याकडे लक्ष द्या. पहिल्या वर्षी मी मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या बाजारातून आणलेलं पोटॅशियम बायकार्बोनेट तसंच वापरलं. थोड्याच वेळात इथिलीन बंद, नुसता हायड्रोजन. चांगल्या प्रतीच्या क्षारातही लोह, जस्त लेशमात्र असतं. ते तांब्यावर जमतं आणि मोनॉक्साइडची जागाच जाते. आता मी आधी दुसरा इलेक्ट्रोड घालून द्रावणातून रात्रभर वीज सोडते आणि हे धातू त्यावर जमवून काढून घेते, मगच तांब्याचा पत्रा आत सोडते.