खऱ्या शोकांतिकेवर फॅशन शूट करणं योग्य आहे का?

दुःखद विषय निवडला म्हणून शूट चुकत नाही. त्या दुःखावर कपडे विकले की चुकतं. २०१३ मध्ये व्हाइस मासिकाने लेखिकांच्या आत्महत्या मॉडेलकडून उभ्या केल्या आणि शेजारी कपड्यांचे ब्रँड छापले. ऑनलाइन पानं काढून माफी मागावी लागली.

२०१४ मध्ये मुंबईच्या एका छायाचित्रकाराने बसमध्ये पुरुषांच्या तावडीतली मॉडेल दाखवली. निर्भयाशी संबंध नाही म्हणाला, पण डिसेंबर २०१२ ला दोन वर्षंही झाली नव्हती. बस दिसली की लोकांना तेच आठवणार, हे उघड होतं.

आधी कॅमेऱ्याची जागा तपासा. हल्लेखोराच्या खांद्यावरून घेतलेली फ्रेम, ड्रेसची शिलाई शार्प आणि चेहरा अर्धा कापलेला: इथे पीडितेची हँगर झाली, मग कॅप्शनमध्ये 'जनजागृती' लिहून काही उपयोग नाही. दुसरं, ब्रँडची नावं काढून बघा. मालिका उभी राहत नसेल तर ती जाहिरातच आहे.

ओळखता येईल अशी घटना असेल तर कुटुंबाची संमती शूटच्या आधी घ्या. कपड्यांचा ब्रँड बेनेटनने १९९२ मध्ये एड्सने मरणाऱ्या खऱ्या रुग्णाचा फोटो जाहिरातीत वापरताना ती घेतली होती. तरीही टीका झालीच.