भेदभावी, भेदभावमूलक, भेदभावजनक: कुठलं कुठे?

प्रश्न असा आहे की एआय लावून जुन्या स्थानिक कायद्यांतल्या 'डिस्क्रिमिनेटरी प्रोव्हिजन्स' शोधतात त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि बातमीत 'भेदभावी कायदे' लिहिलंय ते बरोबर का.

व्याकरणाने चालतं, प्रभावावरून प्रभावी तसंच. पण मला ते कानाला खटकतं, भेदभावी म्हटलं की माणूस डोळ्यापुढे येतो, कलम नाही. आणि मुळात प्रोव्हिजन म्हणजे कायदा नव्हे, तरतूद. एका कलमात चार तरतुदी असू शकतात आणि त्यातली एकच वाईट असते, बाकीच्यांनी काय केलंय!

आता ह्या प्रकारातलं गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), तिथे तर तरतूदही नाही, घरांच्या खरेदीखतांतल्या अटी होत्या, की कॉकेशियन वंशाच्या नसलेल्या माणसाने इथे राहायचं नाही, घरगडी म्हणून असेल तर चालेल वगैरे. 1948 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की असल्या अटी कोर्टं अंमलात आणू शकत नाहीत, 1968 च्या कायद्याने त्या बेकायदाच झाल्या, पण कागदावर राहिल्या त्या राहिल्याच. 2021 मध्ये राज्याने कायदा केला की काउंट्यांनी त्या शोधून खोडायच्या, मग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी एआय मॉडेलला शिकवून दस्तांच्या 52 लाख नोंदी तपासल्या आणि साधारण साडेसात हजार अटी निघाल्या. नुसतं 'व्हाइट' शब्दाने सर्च मारला तर व्हाइट आडनावाची माणसंच हाताला लागतात म्हणून मॉडेल.

तर इथे भेदभाव शब्दांतच दिसतोय, म्हणून 'वंशभेदी अट' सरळ लिहा, दोन अक्षरी 'अट' असताना 'तरतूद' कशाला!

मूलक आणि जनक मात्र एकाच अर्थाने वापरू नका. मूलक म्हणजे भेदभाव मुळाशी, म्हणजे हेतूत, आणि जनक म्हणजे परिणामात. तिथून जवळच सॅन फ्रान्सिस्कोत 1880 चा नियम होता, लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवानगी लागेल, बस इतकंच, चिनी लोकांचा उल्लेख कुठेच नाही. पण दोनशे चिनी अर्जदारांना नकार आणि बाकीच्या ऐंशीएक जणांना परवानगी! 1886 मध्ये यिक वो ह्या चिनी लाँड्रीवाल्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते हाणून पाडलं. हा नियम भेदभावजनक, आणि नुसता मजकूर वाचणाऱ्या मॉडेलला तो आगीपासून बचावाचा नियम वाटला असता, त्याला अर्जांचं रजिस्टरही वाचायला द्यावं लागेल.

बातमीपुरतं म्हणाल तर 'भेदभाव करणाऱ्या तरतुदी' लिहा, आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीतही 'भेदभाव करण्यास मनाई' असंच आहे.