जपानमधलं इसे जिंगू हे शिंतो (म्हणजे जपानच्या स्वतःच्या जुन्या धर्माचं) देवस्थान गेली १३०० वर्षं दर वीस वर्षांनी न चुकता नव्यानं बांधतात, हे खरं आहे का?

नव्यानं बांधतात हे खरं. ‘न चुकता’ तेवढं खोडा.

साधा हिशेब करून बघा. मुख्य देवळाची पहिली पुनर्बांधणी ६९० सालची, सम्राज्ञी जितोच्या काळातली. प्रथा ठरवली होती तिच्या नवऱ्यानं, सम्राट तेन्मुनं. अलीकडची २०१३ची. मध्ये गेली १३२३ वर्षं. वीसनं भागून पहिली धरली की २०१३ची ६७वी यायला हवी. जपानी लोक मात्र तिला ६२वीच म्हणतात. पूर्वी एखादं वर्ष मागंपुढं व्हायचं, पण म्हणून पाच खेपा गायब होत नाहीत.

इसे जिंगू हे एक देऊळ नाही, लहानमोठी १२५ देवळं मिळून ते होतं. त्यातली थोर दोन. नाइकूत सूर्यदेवी अमातेरासु, जी जपानी राजघराण्याची मूळ पूर्वज मानतात. गेकूत तिच्या जेवणाखाणाची काळजी वाहणारी तोयोउके. खांब थेट मातीत पुरलेले, वर गवताचं छप्पर, लाकूड हिनोकीचं आणि त्याला रंगरोगण काही नाही. तिथल्या पावसात ते कुजणारच. म्हणून शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवतात आणि आलटून पालटून बांधतात. उतरवलेलं लाकूडही वाया जात नाही. मुख्य देवळांचे मोठे खांब नंतर नाइकूच्या वाटेवरच्या उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरीई कमानी होतात.

मी नागोयाहून एका दिवसात जाऊन आले. काहीतरी अतिप्राचीन बघायचं म्हणून गेले आणि चार कुंपणांपलीकडे छपराचं टोक तेवढं दिसलं, बाकी काही नाही. शेवटी शेजारच्या मोकळ्या जागेपुढेच जास्त वेळ उभी राहिले. नुसते गोटे, आणि मधोमध एक इवलंसं खोपट.

आता त्या पाच खेपा. पंधराव्या शतकात जपानात सरदारांची आपसांत जुंपली. दरबाराकडे पैसा उरला नाही, आणि पूर्वी देवळासाठी कर गोळा व्हायचा तोही आटला. गेकूचं बांधकाम १४३४नंतर थेट १५६३ला झालं, नाइकूचं १४६२नंतर १५८५ला. म्हणजे सव्वाशे वर्षं तात्पुरत्या डागडुजीवर भागवलं.

ही खीळ काढली कोणी, तर बौद्ध भिक्षुणींनी! हे किती विचित्र आहे ते कळायला एक गोष्ट माहीत हवी. इसेत बौद्ध धर्माचं नावही वर्ज्य होतं. सम्राटाच्या वतीनं अमातेरासुच्या सेवेला एक अविवाहित राजकन्या इसेजवळ राहायची. तिच्या वाड्यात बौद्ध शब्द उच्चारायचे नाहीत असा दंडक होता, म्हणून टोपणशब्द ठरवलेले: धर्मग्रंथाला ‘रंगवलेला कागद’, आणि मुंडण केलेल्या भिक्षूला चक्क ‘लांब केसवाला’. (हे वाचून मी एकटीच हसत बसले होते.) भिक्षूंना देवळाच्या जवळही येऊ देत नसत, दुरून हात जोडायला त्यांची वेगळी जागा होती.

अशा ठिकाणासाठी केइकोइन मठाच्या भिक्षुणी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. सेइजुन या भिक्षुणीनं आधी उजी पुलासाठी पैसा उभा केला, मग १५६३चं गेकू करून दाखवलं. तिच्यामागून आलेल्या शूयोनं नाइकूचं मनावर घेतलं. १५८२च्या सुरुवातीला त्या वेळचा सगळ्यात बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा यानं ३००० कान दिले (‘कान’ म्हणजे दोरीत ओवलेल्या नाण्यांची माळ). त्याच वर्षी तो मारला गेला. पुढचा भार त्याची सत्ता हाती घेणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीनं उचलला आणि १५८५ला दोन्ही देवळं नव्यानं उभी राहिली. तिथून पुढं ‘दर वीस वर्षांनी’ पुन्हा सुरू झालं.

अलीकडचा खोळंबा महायुद्धानंतरचा. १९४९ची पुनर्बांधणी पुढं ढकलून १९५३ला केली, तीही लोकवर्गणीतून, कारण सरकारी पैसा बंद झाला होता. आता पुढची २०३३ला आहे.

१८६८ला सम्राट मेजीचा काळ सुरू होताच सरकारनं शिंतो आणि बौद्ध धर्म एकमेकांपासून तोडले, आणि त्या तोडातोडीत केइकोइन मठ बंद पडला. इमारत मात्र अजून आहे, नाइकूकडे जाणाऱ्या ओहाराइमाचीच्या बाजारातच. लाल घेवड्याच्या गोड सारणाची मोची खात मी तिच्या दारावरून गेले होते. बंद फाटक, कुणा बड्याचा वाडा असेल असं वाटलं. काय होतं ते घरी येऊन वाचल्यावर कळलं.